नाव असलेले पूल आणि क्रमांक असलेले पूल
गोदावरीवरील रेल्वेसेतू व वारशाची कल्पना

परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. पालम गावास रेल्वेचे स्थानक नाही. आगगाडी धरावयाची तर पश्चिमेस गंगाखेड गाठावे लागते. तेथे परभणीहून परळी वैजनाथकडे जाणारा लोहमार्ग गोदावरी ओलांडतो. पालम तालुक्यात नदीवर जे मोठे बांधकाम आहे ते डिग्रसचा बंधारा होय. म्हणजे एकाच नदीवर, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन ठिकाणी, एक रचना पाणी अडविण्यासाठी उभी आहे आणि दुसरी पाणी ओलांडण्यासाठी. यांपैकी कोणतीही ऐतिहासिक वारसा म्हणून गणली जात नाही. याच गोदावरीवर समुद्राजवळ राजमहेंद्री येथे जो जुना पोलादी रेल्वेपूल उभा आहे, त्याचे नाव मात्र भारतीय रेल्वेच्या प्रत्येक इतिहासात येते. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर स्थापत्यशास्त्रात जितके सापडते तितकेच नामकरणाच्या इतिहासातही सापडते.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. संस्कृतातील ‘सेतु’ हा शब्द बांधणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ पूल असा आहे, तसाच बांध किंवा धरण असाही आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांत सेतु म्हणजे पाणी अडविणारा बांध हा अर्थ वारंवार येतो. त्या अर्थाने पाहता डिग्रसचा बंधारा आणि गंगाखेडचा रेल्वेपूल हे दोन्ही सेतूच ठरतात. मराठीत पुढे या अर्थांची वाटणी झाली. अडविणाऱ्या रचनेस ‘बांध’, ‘बंधारा’ हे शब्द राहिले आणि ओलांडण्याच्या रचनेस फारसीतून आलेला ‘पूल’ हा शब्द रूढ झाला. ‘सेतु’ हा शब्द रामकथेपुरता आणि औपचारिक भाषेपुरता उरला. लहान ओढ्यावरील पुलास कोकणात ‘साकव’ म्हणतात. त्याचा संबंध संस्कृत ‘संक्रम’ या शब्दाशी जोडला जातो. मराठवाड्याच्या पठारावर मात्र या शब्दाचा प्रसार दिसत नाही. येथील नद्या उन्हाळ्यात आटतात आणि पावसाळ्यात पात्र भरून वाहतात. म्हणून येथील जुन्या व्यवहारात ‘उतार’ हा शब्द पुलापेक्षा महत्त्वाचा होता.

उतार म्हणजे नदी पायी किंवा गाडीने ओलांडता येईल अशी उथळ जागा. जेथे उतार नाही तेथे ‘तर’, म्हणजे नावेची सोय असे. ‘उतरणे’ या क्रियापदाच्या मुळाशी संस्कृतातील ‘उद्’ हा उपसर्ग व ‘तॄ’ हा धातू आहे. त्याचा मूळ अर्थ पाणी तरून पलीकडे जाणे, पाण्यातून वर येणे असा आहे. खाली येणे हा आजचा अर्थ त्यातून विकसित झाला. याच क्रियापदापासून ‘उतारू’ हा शब्द बनला. आगगाडी आल्यानंतर मराठीने तिच्या प्रवाशास हाच शब्द दिला. ज्या रेल्वेने नदीवर पूल बांधून उताराची गरज संपविली, तिच्या प्रवाशाच्या नावात उताराचा धातू कायम राहिला, ही गोष्ट भाषेच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. भाषा जुन्या व्यवहाराची नोंद करून ठेवते, पण ती कोणी मुद्दाम केलेली नोंद नसते. वारशाच्या अधिकृत सूचीत आणि भाषेच्या या सूचीत हाच मुख्य भेद आहे.

आता लोहमार्गाच्या इतिहासाकडे वळावयास हरकत नाही. निजामाच्या राज्यात १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद या मार्गावर आगगाडी सुरू झाली. १८८३ साली निजामाच्या हमीवर चालणारी ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मार्ग मात्र त्यानंतरचा आहे. ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावाचा मीटरगेज मार्ग हैदराबादेपासून मनमाडपर्यंत विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास टप्प्याटप्प्याने खुला झाला. निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) ही स्थानके त्यावर आली. मनमाडला तो ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’च्या मोठ्या मार्गास मिळाला. मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या बाजारास जोडला गेला तो या मार्गाने. हीच वर्षे १८९९–१९०० च्या मोठ्या दुष्काळाचीही होत. मराठवाड्यात रेल्वे आणि दुष्काळ यांचे आगमन असे एकाच सुमारास झाले, हे त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याने विसरता कामा नये.

मार्गाच्या नावात गोदावरीचे खोरे असले तरी हा मार्ग बराच काळ नदीच्या उत्तरेकडूनच जातो. परभणी आणि नांदेड यांच्या दरम्यान त्याला पूर्णा नदी ओलांडावी लागते. खुद्द गोदावरी तो बासरजवळ ओलांडतो आणि दक्षिणेस निजामाबादकडे जातो. नदीच्या दक्षिणेकडील गंगाखेड, पालम हा भाग मुख्य मार्गापासून नदीमुळेच दूर राहिला. पुढे परभणीहून निघालेल्या शाखेने गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडली आणि ती परळी वैजनाथास पोहोचली. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ख्यात असलेल्या गंगाखेडास दळणवळणाचे ठाणे हे दुसरे महत्त्व प्राप्त झाले. या गावाच्या नावातील ‘गंगा’ ही गोदावरीच होय. महानुभाव वाङ्मयापासून आजच्या बोलीपर्यंत येथील लोक गोदावरीस गंगाच म्हणत आले आहेत आणि तिच्या काठच्या प्रदेशास ‘गंगथडी’ हे नाव आहे. १९३० साली निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. १९५० साली ती भारत सरकारकडे आली, १९५१ साली मध्य रेल्वेत समाविष्ट झाली आणि १९६६ साली सिकंदराबाद येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाली. २००३ साली नांदेड हा तिचा स्वतंत्र विभाग झाला.

ज्या काळात हे मार्ग बांधले गेले तो पूलबांधणीतील संक्रमणाचा काळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुलांसाठी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि त्यानंतर घडीव लोखंड वापरले जाई. बीड दाबाला टिकते, पण ताणाला तुटते. घडीव लोखंड ताण सोसते, परंतु ते तयार करण्यास श्रम फार लागतात. बेसेमरची पद्धत १८५६ साली पुढे आली आणि पोलाद स्वस्त होऊ लागले. तरीही पुलांसाठी पोलाद वापरण्यास ब्रिटनच्या व्यापार मंडळाने अनुमती दिली ती १८७७ साली. २८ डिसेंबर १८७९ रोजी स्कॉटलंडमधील टे नदीवरील लोखंडी पूल वादळात कोसळला आणि त्यावरील आगगाडी नदीत गेली. या दुर्घटनेनंतर बांधलेला फोर्थचा पूल १८९० साली खुला झाला. तो पन्नास हजार टनांहून अधिक पोलादाचा आहे. हिंदुस्थानात नव्वदीच्या दशकात जे मोठे रेल्वेपूल झाले ते याच अनुभवावर उभे राहिले.

राजमहेंद्रीचा पूल हे त्यांचे ठळक उदाहरण आहे. त्याचे काम १८९७ साली सुरू झाले आणि १९०० साली तो मद्रास–हावडा मार्गासाठी खुला झाला. एफ. टी. जी. वॉल्टन हे त्याचे अभियंते होते. प्रत्येकी सुमारे १५० फुटांचे ५६ गाळे, दगडी खांब आणि त्यांवर पोलादी तुळया अशी त्याची रचना आहे. मद्रासचे गव्हर्नर सर आर्थर हॅवलॉक यांचे नाव त्यास देण्यात आले. सुमारे एक शतक चालल्यानंतर १९९७ साली तो वाहतुकीतून निवृत्त झाला. तत्पूर्वी १९७४ साली त्याच्याजवळ वर रस्ता व खाली लोहमार्ग असलेला दुसरा पोलादी पूल झाला होता आणि १९९७ साली काँक्रीटच्या कमानींचा तिसरा पूल आला. तिन्ही पूल एकाच गावाजवळ असल्याने पूलबांधणीचा शतकाचा इतिहास तेथे एका दृष्टीक्षेपात दिसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हॅवलॉक पुलाचे सामर्थ्य त्याच्या अपूर्वतेत नाही, ते पुनरावृत्तीत आहे. एकच गाळा ५६ वेळा मांडला आहे. साम्राज्याच्या काळातील रेल्वेपुलांची हीच पद्धत होती. ठराविक मापाच्या तुळया विलायतेतील कारखान्यांत तयार होत, त्यांचे भाग जहाजाने येत आणि जागेवर रिव्हेट ठोकून जोडले जात. जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागले ते १९१२ साली. त्यापूर्वीच्या पुलांत हिंदी पोलाद असण्याचा प्रश्नच नव्हता. मग या देशाचे त्यांत काय होते? पायाचे कौशल्य आणि खांबाचा दगड. नदीच्या वाळूत विहीर उतरवून तिच्यावर बांधकाम उभे करण्याची पद्धत हिंदुस्थानात इंग्रजांपूर्वी शतकानुशतके चालत आली होती. ताजमहालाच्या पायाखालीही अशा विहिरी आहेत. रेल्वेच्या अभियंत्यांनी ती पद्धत उचलली आणि आपल्या शास्त्राने वाढविली. मराठवाड्यात गोदावरी दख्खनच्या काळ्या पाषाणावरून वाहते. तेथे पायाचा प्रश्न वेगळा आणि बांधकामाचा दगड हाताशी, अशी परिस्थिती होती. म्हणून नदीवरील पूल हा केवळ वरच्या तुळईचा इतिहास नसतो. खालचा खांब हा स्थानिक भूमीचा व स्थानिक कारागिरांचा इतिहास असतो.

पोलादी पुलाची भाषाही अशीच संमिश्र आहे. दोन खांबांमधील अंतरास मराठीत ‘गाळा’ म्हणतात. हाच शब्द दुकानाच्या व घराच्या खणासही लागतो. त्रिकोणांच्या जाळीने बनलेल्या आधारास सुतार ‘कैची’ म्हणतो, कारण छपराखालील लाकडी जोडणीसाठी तो शब्द पूर्वीच रूढ होता. लहान पुलास ‘मोरी’ आणि दोन्ही बाजूंच्या मातीच्या उंचवट्यास ‘भराव’ हे शब्द आहेत. याउलट ‘गर्डर’, ‘स्लीपर’, ‘रिव्हेट’, ‘गँगमन’ हे शब्द इंग्रजीतून आले आणि कामगारांच्या बोलीत मुरले. या यादीवरून एक स्थूल अनुमान काढता येते. जे काम गावकऱ्यास पूर्वीपासून ठाऊक होते त्यास मराठी शब्द राहिला, आणि जी वस्तू जहाजाने आली ती आपले नाव बरोबर घेऊन आली. खांब व भराव देशी, गर्डर व रिव्हेट विलायती, ही शब्दांतील वाटणी पुलाच्या प्रत्यक्ष घडणीशी बहुतांशी जुळते.

रचनेचे एक अंग येथे सांगणे अवश्य आहे, कारण देखभालीचा प्रश्न त्याशी निगडित आहे. पोलाद तापले की वाढते. ४५ मीटर लांबीच्या तुळईच्या तपमानात ४० अंशांचा फरक पडला, तर तिची लांबी सुमारे दोन सेंटीमीटरांनी बदलते. म्हणून अशा तुळईचे एक टोक खांबावर पक्के बसवितात आणि दुसरे रुळक्यांवर किंवा सरकत्या टेकूवर मोकळे ठेवतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ही हालचाल अव्याहत चालू असते. टेकू गंजून अडकला तर तो ताण दगडी खांबावर येतो. पूल स्थिर दिसतो, पण त्याचे आयुष्य या न दिसणाऱ्या हालचालीवर आणि तिची काळजी वाहणाऱ्या कामगारांवर अवलंबून असते. रंगकाम, तेलपाणी, सैल रिव्हेट हातोडीने वाजवून ओळखणे ही कामे पिढ्यान् पिढ्या चालली. या कौशल्याची गणना वारशात व्हावी की नाही, हा प्रश्न अद्याप कोणत्याही सूचीने गंभीरपणे घेतलेला नाही.

लहान पुलांच्या बाबतीत निष्काळजीपणाचे परिणाम भयंकर झालेले आहेत. २ सप्टेंबर १९५६ रोजी पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील महबूबनगरजवळ पूल कोसळून आगगाडी पाण्यात गेली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मद्रास राज्यातील अरियालूर येथे तशीच दुर्घटना झाली आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी पदत्याग केला. पुढे पंतप्रधान या नात्याने १९६५ साली पैठणजवळ जायकवाडी धरणाची कोनशिला शास्त्रींनीच बसविली. १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले आणि गोदावरीच्या पुराचे स्वरूपच बदलले. धरणानंतर ढालेगाव, मुदगल, मुळी व डिग्रस येथील बंधारे झाले. रेल्वेपुलांचा मूळ हिशेब ज्या मोकळ्या नदीवर आधारलेला होता, ती नदी आज त्या स्वरूपात राहिलेली नाही. पूल आणि बंधारा यांचा इतिहास म्हणूनच एकत्र लिहिला पाहिजे.

दुसरा मोठा बदल रुळांच्या रुंदीचा. १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय मेयो यांच्या कारकीर्दीत खर्च वाचविण्यासाठी एक मीटर रुंदीचा मार्ग स्वीकारला गेला. त्यावरील गाड्या हलक्या, म्हणून पूलही हलक्या भाराचे. १९९२ पासून देशभर एकच रुंदी करण्याचे धोरण हाती घेण्यात आले आणि १,६७६ मिलिमीटरांचा मोठा मार्ग मराठवाड्यात आला. मनमाड ते औरंगाबाद हा टप्पा प्रथम झाला, मग परभणी, परळी, पूर्णा, नांदेड या दिशांना काम पुढे गेले. गाडी बदलण्याचा त्रास संपला, माल थेट जाऊ लागला, मुंबई व हैदराबाद या दोन्ही बाजूंशी प्रदेश जोडला गेला. या लाभाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु असे रुंदीकरण होते तेव्हा मीटरगेजच्या भारासाठी केलेल्या तुळया निरुपयोगी ठरतात, आणि निरुपयोगी पोलादाची गती भंगाराच्या लिलावाकडे असते. दगडी इमारत पडीक राहते तरी उभी राहते. पोलादी तुळईस वजनावर किंमत असल्यामुळे तिचे अवशेषही राहत नाहीत. पोलादी पुलांच्या इतिहासातील मुख्य अडचण हीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फोर्थचा पूल २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने १९९२ च्या कायद्यान्वये जी वारसा-नोंदवही केली, तीत मेरी नदीवरील १८८६ सालच्या डिकाब्रम पुलासारखे ग्रामीण पूलही आहेत. शेतीच्या प्रदेशातील लहान पुलास तेथे नोंदीची योग्यता मिळते. भारतात दार्जिलिंग, निलगिरी व काल्का–सिमला हे डोंगरी मार्ग आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनस जागतिक यादीत आहेत. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकाची व्याख्या करताना निदान शंभर वर्षांचे अस्तित्व आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व या कसोट्या घातल्या आहेत. वयाच्या कसोटीस निजामकालीन मुख्य मार्गावरील मूळ बांधकामाचे जे अवशेष असतील ते उतरतात. प्रश्न दुसऱ्या कसोटीचा आहे.

आणि येथेच नावाचा प्रश्न येतो. हॅवलॉक, डफरिन, लॅन्सडाउन, हार्डिंज, ज्युबिली ही पुलांची नावे पाहिली असता ती सर्व राज्यकर्त्यांची किंवा राज्यारोहणाच्या उत्सवाची आहेत असे दिसून येते. उद्घाटनास गव्हर्नर अथवा व्हाइसरॉय आला, समारंभ झाला, अहवाल छापला गेला, छायाचित्रे निघाली. म्हणजे नावाबरोबर कागदपत्रे जन्मास आली. स्वातंत्र्यानंतर डफरिन पुलास मालवीय यांचे नाव मिळाले. नाव बदलले तरी तो नाव असलेला पूलच राहिला. ग्रामीण नद्यांवरील पुलांस मात्र रेल्वेच्या दफ्तरात केवळ क्रमांक असतो. त्यांचे वर्गीकरणही पाण्याच्या मापाने होते. जलमार्गाची लांबी ३०० मीटर किंवा अधिक असेल तर तो पूल ‘महत्त्वाचा’, १८ मीटर किंवा अधिक असेल तर ‘मोठा’, आणि उरलेले लहान. अभियंत्यास हे वर्गीकरण योग्य व पुरेसे आहे. परंतु वारशाची सूची करणारा जेव्हा दफ्तरांतून महत्त्व शोधू लागतो, तेव्हा त्यास नाव असलेल्या पुलाचे चरित्र सापडते आणि क्रमांक असलेल्या पुलाचे फक्त माप सापडते. त्यामुळे सूचीत पहिला येतो व दुसरा गळतो. ही निवड इतिहासाची नसून दफ्तराची आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की जुन्या पुलांचे कौतुक धोक्याचे असते. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणी नदीवरील कुंडमळा येथील जुना लोखंडी पादचारी पूल कोसळला. दोन्ही ठिकाणी माणसे प्राणास मुकली. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. जीर्ण पूल वापरात ठेवणे म्हणजे वारसा जपणे नव्हे. परंतु या आक्षेपातूनच नोंदीची आवश्यकता सिद्ध होते. ज्या पुलाचे बांधकाम केव्हा झाले, दुरुस्ती केव्हा झाली, कोणती तुळई केव्हा बदलली याचा वृत्तांत उपलब्ध आहे, त्याच्या धोक्याचा अंदाज करता येतो. ज्याची नोंद नाही त्याचा धोकाही अज्ञात राहतो. सुरक्षितता आणि इतिहास या दोहोंस एकच कागद उपयोगी पडतो.

तेव्हा जतन आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या मानणे हिताचे आहे. प्रत्येक पूल जपता येणार नाही, जपण्याची गरजही नाही. परंतु पोलाद भंगारात जाण्यापूर्वी त्याचे मोजमाप, आराखडा व छायाचित्रे घेणे, तुळईवर ओतलेले किंवा ठोकलेले कारखान्याचे नाव व वर्ष उतरवून घेणे, आणि शक्य तेथे एखादा गाळा काठावर ठेवणे एवढे सहज करता येईल. त्याबरोबर पुलावर काम केलेल्या निवृत्त कामगारांकडून कामाचे शब्द गोळा केले पाहिजेत. तुळईच्या कोणत्या भागास काय म्हणत, पूर कोणत्या खुणेवर आला म्हणजे गाडी थांबवीत, जुन्या उताराची जागा कोठे होती, ही माहिती कोणत्याही दफ्तरात नाही. विद्यापीठांतील भाषा व इतिहास या विभागांनी हे काम संयुक्तपणे हाती घेण्यासारखे आहे. त्यास मोठा खर्च लागत नाही. मात्र विलंब चालणार नाही, कारण मीटरगेजच्या काळातील कामगारांची पिढी आता वृद्ध झाली आहे.

गंगथडीतील गावांची नावे नदीने दिली, प्रवाशाचे नाव उतरण्याने दिले, पुलास मात्र गावाने नाव दिले नाही आणि सरकारने क्रमांक दिला. त्या क्रमांकामागे दुष्काळाच्या वर्षांत वाहिलेली माती, जहाजाने आलेले पोलाद, येथला काळा दगड आणि शतकभराची देखभाल आहे. हे सर्व लिहून ठेवले गेले तर क्रमांक असलेल्या पुलालाही चरित्र मिळेल, आणि वारशाच्या सूचीत त्याचा विचार करताना केवळ पाण्याचे माप पुढे ठेवावे लागणार नाही.